हे काय, आलंच

लेक झुरिकला नोकरीला, म्हणून ऐन फेब्रुवारीत आम्ही दोघं स्वित्झर्लंडला. तिनं आम्हाला म्युरेनला नेलं. तिथे मोटारी नाहीत. लाउटरब्रुनेनच्या दरीतून आधी रोपवे, मग चिमुकली आगगाडी. उतरलं की समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही शिखरं ओळीत उभी. सगळे तिकडे बघत होते. मी पाटी वाचत होते.

गुलाबी पाटी. उन्हाळ्यातल्या पायवाटांना पिवळ्या, बर्फातल्यांना गुलाबी. गावाचं नाव, पुढे वेळ. किलोमीटरचा पत्ता नाही. लेक म्हणाली, "आई, सपाटीला ताशी ४.२ किलोमीटर धरतात, मग चढ-उताराचा हिशेब. थांबलात तर ते तुमचं तुम्ही बघायचं." म्हणजे फोटो, चहा, बुटांना लावलेले रबरी काटे निसटणं, यातलं काही त्यात नाही.

मला कुणी वाटेची वेळ सांगितली की मी मनातल्या मनात ती दुप्पट करते. ही खोड मामामुळे लागली.

आजोळ एसटीच्या फाट्यापासून बरंच आत. मामा न्यायला यायचा. खांद्यावर आमची पत्र्याची ट्रंक, मागे मी. "मामा, किती राहिलं?" "हे काय, त्या आंब्याच्या पल्याड." आंबा मागे पडायचा, ओढा यायचा. ओढ्यानंतर मामा ट्रंक खाली ठेवून बिडी पेटवायचा. "ही संपली की पोचलोच बघ." मग मला ना झाडं दिसत ना पाखरं. त्या लाल टोकावर नजर ठेवून मी चालायची. मनात म्हणायची, ओढ की जोरात! आणि बिडी अर्ध्यावर आली की हा गृहस्थ ती बांधाच्या दगडावर विझवायचा आणि कानावर खोचायचा. झालं. आता ती संपणार कधी आणि गाव येणार कधी? मी रडकुंडीला आले की ट्रंकेवर बोटांनी ताशा वाजवायचा. गावात शिरेपर्यंत बिडी कानावर तशीच.

आम्ही गिमेलवाल्डची वाट धरली. उतारच होता. उतार म्हणून हसू नये, बर्फावर उतरताना मांड्या बोलायला लागतात. मागून लाकडी स्लेजवर बसलेली पोरं आरडत आली. आम्ही कडेला झालो, तर नवरा गुडघाभर बर्फात. १९३१ साली अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा याच म्युरेनला झाली, असं लेक त्याला हात देता देता सांगत होती. त्याला त्या घडीला इतिहासात रस नव्हता.

"अजून किती?" त्यानं मला विचारलं. आता मी पहिल्यांदाच आलेली बाई, मला काय ठाऊक? पण तोंडातून निघून गेलं, "हे काय, त्या वळणाच्या पल्याड."

वळणाच्या पल्याड दुसरं वळण होतं.

गिमेलवाल्ड आलं तेव्हा पाटीवरच्या वेळेच्या दुप्पट, वर थोडी अधिकच झाली होती. काळवंडलेली लाकडी घरं, भिंतीला लागून छातीएवढी रचलेली सरपणाची चवड. लेक म्हणाली, पाटी बरोबर आहे, तुम्ही हळू आहात. असू. खाली जाणारा रोपवे आमच्या डोळ्यांदेखत सुटला. दुसरा यायला अवकाश होता, म्हणून बाकावरचं बर्फ झटकलं आणि पिशवीतून भडंग काढलं. जरा सादळलं होतं.