तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत कला शिकवण्यात स्वतःचं शिल्पाचं काम मागे पडत नाही का?

प्रदर्शनात विचारतात, लग्नकार्यात विचारतात, परवा एसटीत शेजारी बसलेल्या काकूंनीही विचारलं.

पडतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा जवळ आल्या की स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांपलीकडे काही सुचत नाही. एका वर्षी शाडूत अर्धवट झालेलं आजीचं डोकं ओल्या गोणपाटाखाली ठेवलं होतं. तीन दिवस पाणी मारायचं राहिलं आणि कानापासून हनुवटीपर्यंत तडा गेला. ते डोकं मला पुन्हा जमलं नाही.

तरीही माझं काम आज ज्यावरून ओळखतात, ते मला वर्गात मिळालं.

मी पेणच्या बाजूला शिकवते. गावात गणपतीचे कारखाने, त्यामुळे बऱ्याच मुलांचे हात मातीतच वाढलेले. आठवीला तारेच्या सांगाड्यावर शाडू चढवून पक्षी करायला दिले होते. वाळल्यावर सगळ्यांना भेगा. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही. हे मी फळ्यावर समजावत असताना मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, तारेला आधी काथ्या गुंडाळूया का? आमच्या कारखान्यात प्लास्टरमध्ये घालतात."

तिनं करून दाखवलं. काथ्या पिंजून तारेभोवती सैलसर गुंडाळला, त्यावर पातळ शाडूचा हात दिला, तो थोडा सुकल्यावर जाड माती. तिच्या पक्ष्याच्या मानेवर केसाएवढी भेग आली, तेवढीच.

तोवर मी दोन वस्तू जोडायच्या म्हणजे नट-बोल्ट आणि एम-सील एवढंच जाणत होते. होडीची जुनी फळी सिमेंटला जोडली, की पावसाळ्यात फळी फुगायची आणि सिमेंट नेमकं बोल्टपाशी फुटायचं. आता मी काथ्याच्या दोरानं बांधते. फळी फुगली तर दोर तिला जागा देतो. मिश्र माध्यमाच्या शिल्पाचा जीव सांध्यात असतो, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

मग त्याच नजरेनं मी थोरांची कामं पाहू लागले. मृणालिनी मुखर्जींनी रंगवलेल्या दोरांना हातानं गाठी मारत माणसाहून उंच शिल्पं उभी केली. तिथे तर सगळं अंगच सांध्यांचं. रामकिंकर बैज यांनी 1938 मध्ये शांतिनिकेतनात 'संथाळ कुटुंब' घडवलं ते सिमेंट आणि तिथल्याच जांभ्याच्या खडीतून. मुलांना मात्र फोटो पुरत नाहीत. त्यांना अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांच्या घरी नेते. तिथल्या सिमेंटच्या म्हशीपासून ती हलत नाहीत.

सध्या पडवीत एक नवं काम टांगलंय: होडीची फळी, जाळ्याला बांधायचे दगड आणि सिमेंटचा एक हात. जूनपासून मुद्दाम पागोळ्यांखाली ठेवलंय. ती काथ्यावाली मुलगी आता दहावीत आहे. गेल्या आठवड्यात शाळेतून येताना डोकावली, मनगटापाशी अंगठा दाबून बघितला आणि म्हणाली, "बाई, इथे सुटतंय."

आज सकाळपासून तो सांधा उसवत बसलेय.