आठ नंबरची सुई

पहिली टोपी विणून झाली तेव्हा सासूबाईंनी ती दोन बोटांवर घालून गरागरा फिरवली आणि म्हणाल्या, "कोनाची वं हे? नारयाले घालतं का?"

टोपी मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची होती. निदान विणायला घेतली तेव्हा तरी त्यांचीच होती.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात. कापूस आणि तूर, शिवाय विहिरीला पाणी आहे म्हणून थोडा हरभरा, थोडा गहू. शेतातली लाईन कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की हे जेवण करून ओलिताला जातात, आणि हरभरा घाट्यावर आला की मामाजीही जागलीला निघतात, नाहीतर रानडुकरं सकाळपर्यंत काही ठेवत नाहीत. विदर्भ म्हटलं की बाहेरच्या लोकांना फक्त मे महिना आठवतो. त्यांना एकदा जानेवारीत रात्री दोन वाजता गव्हाच्या ओल्या वावरात उभं करायला पाहिजे.

२०२२ च्या डिसेंबरात स्वेटर घ्यायला यवतमाळला गेले होते. हिवाळ्यात तिबेटी लोकांची दुकानं लागतात, त्यातल्या एका दुकानात बाई गिऱ्हाईक नसताना मोजा विणत बसली होती. ती गोठणगावची. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मी विचारलं, हे सगळे स्वेटर तुम्हीच विणता का? तर हसली. "हे लुधियानाचे, मशीनवरचे. हातात आहे ते घरच्यासाठी." मग तिनं माझ्या अंगठ्याला दोरा गुंडाळला, सुई खालून घातली, वरून दोरा ओढला, झाला एक टाका. वीस टाके तिच्यासमोर घातले, वीस तिनं ओढून काढले. "परत घाला ताई." तिसऱ्यांदा घातल्यावर तिनं सोडलं. स्वेटर राहिला बाजूला. मी दुसऱ्या दुकानातून दोन सुया आणि लोकरीचे चार गुंडे घेऊन घरी आले.

पुढचं सगळं मोबाईलवर. एका अमेरिकन बाईचे व्हिडिओ बघायचे. तिचं इंग्रजी मला अर्धं कळायचं, हात पूर्ण कळायचे. सुलट टाका, उलट टाका, दोन सुलट दोन उलटची पट्टी, एवढं आठ दिवसांत बसलं. ती म्हणाली, मोठ्या माणसाच्या टोपीला आठ नंबरची सुई आणि ८८ टाके. माझी सुईसुद्धा आठ नंबरचीच होती. मी देवाचे आभार मानले आणि ८८ टाके घातले.

आणि नारळाची टोपी तयार झाली.

मला वाटलं माझा हात घट्ट आहे. उसवली, सैल हातानं परत विणली. थोडी ढिली झाली, पण मामाजींच्या डोक्यावर ती वाटीसारखी वरच बसली. शेवटी जाऊबाईंच्या आठ महिन्यांच्या नातवाला दिली. त्याला मात्र अशी चपखल बसली की मापच घेतलं होतं म्हणावं.

कोडं सोडवलं धाकट्या भाऊजींनी. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. व्होल्टेज कमी-जास्त होऊन मोटरा जळतात, त्यामुळे त्यांना मरायला फुरसत नाही. मी सुया घेऊन जेवणाचा डबा द्यायला गेले होते. त्यांनी सहज एक सुई उचलली आणि तारेची जाडी मोजायची त्यांची लोखंडी चकती असते, काठाला खाचा असलेली, तिच्यात घालून पाहिली. आठच्या खाचेत सुई अडकून बसली. दुसऱ्या सुया घरून मागवल्या. दहाची दहाच्या खाचेत, बाराची जवळपास बाराच्या. ते म्हणाले, "वयनी, हे त आमच्या तारीचेच नंबर हाय. नंबर वाढला की तार बारीक. आठ म्हणजे चार एमएम."

मग मी त्या बाईचा व्हिडिओ पुन्हा लावला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ५ मिमी. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते, आपल्याकडे जुन्या इंग्रजी पद्धतीनं नंबर वाढला की बारीक होते. तिची आठ पाचाची, माझी आठ चाराची. एक मिलिमीटरचा फरक. तेवढ्यानं माझा पौष महिना खाल्ला. दुकानदारालाही यातलं काही माहीत नव्हतं, आणि त्याला दोष तरी काय द्यायचा. त्यानं मागितलं ते दिलं.

तेव्हापासून कोणाच्या टाक्यांच्या आकड्यावर मी विणत नाही. आधी तळहाताएवढा तुकडा विणायचा, पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजायचं. माझे २२ आले. मामाजींचं डोकं ५६ सेंटिमीटर. टोपी डोक्यापेक्षा लहान पाहिजे, ताणून बसते, म्हणून ५१ धरले. ११२ टाके. वर शिवणीसाठी दोन जादा. ११२ ला आठानं भाग जातो, म्हणून शेंड्याला आठ पाकळ्या पाडायच्या, चौदा-चौदा टाक्यांच्या. एक ओळ सोडून एक, प्रत्येक पाकळीत दोन टाक्यांचा एक करत गेलं की १०४, ९६, ८८ असं उतरत शेवटी सुईवर १६ उरतात. त्यांचे ८ करायचे, दोरा कापून आठांतून ओवायचा आणि खेचायचा. ते भोक मिटतं ना, तो क्षण मला अजूनही पिशवीचं तोंड बंद करण्याइतका साधा वाटत नाही. मी ते दोनदा उघडून परत खेचलं.

मामाजी दुसऱ्या दिवशी पारावर सांगून आले, "सुनेनं मले टोपी घातली." गावभर झालं.

टोपी जमली म्हणून मोज्यांच्या नादी लागले. मोज्याला बारीक लोकर आणि दोन्हीकडून टोकदार पाच सुया लागतात. त्या आर्णीत मिळेनात. भाऊजींनी सायकलचे जुने स्पोक कापले, ग्राइंडरवर टोकं घासली, वर पॉलिश पेपर मारला. चकतीत घातले तर १४ नंबर, म्हणजे दोन मिलिमीटर. १० सेंटिमीटरला ३२ टाके आले. ह्यांच्या पायाचा घेर २२, मोजा २० चा, हिशेब ६४ टाक्यांवर आला. चार स्पोकवर सोळा-सोळा टाके आणि पाचव्यानं विणायचं. पहिले दोन दिवस हातात साळिंदर धरल्यासारखं वाटत होतं.

नळी विणणं काही नाही, पोरही विणेल. मोज्याची सगळी गंमत टाचेत. ६४ पैकी ३२ टाके बाजूला झोपवून ठेवायचे आणि उरलेल्या ३२ वर मागेपुढे ३२ ओळींची पट्टी विणायची, दर ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवायचा. मग येतं वळण. अर्ध्याच्या थोडं पुढे जायचं, दोन टाक्यांचा एक करायचा, एक विणायचा, आणि ओळ पुरी न करता तिथूनच उलटं फिरायचं. इथे मी तीन वेळा थांबले, कारण ओळ अर्धी सोडायची म्हणजे काहीतरी चुकतंय असंच वाटायचं. डोकं बाजूला ठेवून सांगितलं तसं करत गेले. दर फेरीला एक टाका जास्त पुढे जायचा. शेवटी सुईवर १८ टाके राहिले आणि सपाट पट्टीला खोलगट वाटी आली. त्यात मी अंगठा घालून बसले होते, भाकर तव्यावर करपली.

पट्टीच्या दोन्ही काठांवरून सोळा-सोळा टाके उचलले, झोपवलेले ३२ परत घेतले. ८२ होतात. ते हळूहळू कमी करत पुन्हा ६४ वर आणायचे. कोपऱ्यात दोन्हीकडे छोटं भोक राहतं, तिथे एक टाका जादा उचलून पुढच्या फेरीत शेजारच्यात विणून टाकला की मिटतं. हे मला चौथ्या मोज्यात समजलं. पहिल्या तिघांना भोकं आहेत.

दुसरा मोजा राहून गेला तो चार महिने. कापसाची वेचणी लागली होती. बोंडाच्या वाळल्या पाकळ्या बोटांना चिरतात आणि मग त्या चिरांत लोकर अडकते. एक ओळ विणायची म्हणजे कुसळातून दोरा ओढल्यासारखं. पुढे सवड मिळाली तेव्हा हात बदलला होता. उजवा मोजा डाव्यापेक्षा बोटभर लांब. ह्यांनी काही म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

तो लांब मोजाच गेला. ओलिताहून आल्यावर गमबूट काढला, मोजा ओला झाला होता, तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या शेकोटीजवळ दगडावर वाळत घातला आणि दोघं बापलेक डुकरांना हाकलायला बांधापर्यंत गेले. सकाळी मोजा माझ्या हातात दिला. चवड्याकडचा भाग वितळून काळा गोळा झाला होता, चपलेच्या टाचेसारखा कडक. मी तेव्हा पहिल्यांदा गुंड्याचा कागद नीट वाचला. शंभर टक्के ॲक्रिलिक. आपण सगळे त्याला लोकर म्हणतो, दुकानदार म्हणतो, मीही वर म्हटलं. मग चुलीजवळ बसून तीन धागे जाळून पाहिले. घोंगडीतला केस जळल्यासारखा वास मारत विझला, राख बोटांत चुरली. कापसाचा कागदासारखा भुर्रकन गेला. माझा वितळला आणि टोकाला मणी झाला. बरं झालं मोजा पायात नव्हता. आता ॲक्रिलिकची वस्तू शेकोटीकडे जाऊ देत नाही. मामाजींची टोपीसुद्धा त्यांना सांगून ठेवली आहे, कान भाजायचे असतील तरच विस्तवावर वाका.

उन्हाळ्यात मी सुयांना हात लावत नाही. घामानं टाके सुईवर सरकत नाहीत.

शालीचं सासूबाईंनीच काढलं. त्यांना लोकर टोचते, ॲक्रिलिकनं घाम येतो. "कापसाची करनं, आपल्या घरात त कापूसच कापूस हाय." बोलणं बरोबर होतं. दाराशी गंजी लागलेली आणि मी लुधियानाचे गुंडे आणते. वर्ध्याकडे एका ओळखीच्या बाई चरख्यावर सूत काततात, त्यांच्याकडून बारीक सुताच्या लड्या आणल्या. आठ पदर एकत्र धरून तुकडा विणला. चौकोन विणायला घेतला आणि सुईवरून उतरला तो पतंगासारखा तिरपा. टाके मोजले, बरोबर. ओळी मोजल्या, बरोबर. पाण्यात भिजवून टाचण्या लावून सरळ केला, वाळल्यावर परत तिरपा, शिवाय टाचण्यांच्या गंजाचे डाग. (टाचण्यांऐवजी बाभळीचे काटे लावा, हे जाऊबाईंचं डोकं. गंजत नाहीत, लांबही असतात. फक्त मोजून लावा आणि मोजून काढा.)

पोळ्याच्या आधीचे दिवस होते. मामाजी ओसरीवर बैलांसाठी अंबाडीचा कासरा वळत बसले होते. तुकडा त्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी एक धागा उसवला, दोन बोटांत धरला, सैल सोडला. धागा आपोआप स्वतःभोवती गुंडाळला. "सूत एकाच बाजूनं पिळलं हाय. आठ घेतले काय न् सोळा घेतले काय, सारे एकाच अंगाले वढते. असा कासरा वळला असता त बैल गोल गोल फिरला असता." मग त्यांनी करून दाखवलं. चार पदरांचे दोन भाग केले आणि दोन्ही मिळून उलट्या बाजूनं पिळले. हात सोडला तरी दोरा सरळ लोंबत राहिला. त्याचा तुकडा विणला. चौकोन चौकोनच राहिला.

शाल तिकोनी आहे. मानेच्या मध्यापासून सात टाक्यांनी सुरू होते, दर दोन ओळींना चार टाके वाढतात, दोन काठांना, दोन मधल्या शिरेच्या बाजूंना. वाढवताना सुईवर नुसता दोरा घ्यायचा, म्हणजे जाळीची भोकं पडतात. आता १८७ टाके झालेत. सरळ सुईवर मावत नाहीत म्हणून मधे वायर असलेली गोल सुई घेतली. दर दहा ओळींनी लाल शिवणदोरा टाक्यांतून ओवून ठेवते, पुढे चूक झाली तर उसवणं त्या लाल दोऱ्यापाशी थांबतं. दोनदा थांबलं. एकदा तर पाहुण्यांना चहा करायला उठले आणि परत आल्यावर शिरेची एक बाजू विसरले. चार ओळींनंतर मोजणीत दोन टाके कमी निघाले.

सूत पिळायचं काम मामाजींनी स्वतःकडे घेतलं आहे. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की लाकडाची फिरकी घेऊन ओसरीवर बसतात. त्यांचे पाच गोळे तयार आहेत, माझा दुसरा चालू आहे, आणि रोज झोपायला जाताना विचारतात, "संपलं का सूत?"