बाराची सावली

८ फेब्रुवारी

सहावीला आज नेहमीसारखं सांगून टाकलं, दुपारी १२ वाजता सावली सगळ्यात लहान असते. इतकी वर्षं सांगत आलेय. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मोजूया का?" नाही म्हणायला कारण सुचेना.

मैदानात एक मीटरची बांबूची काठी रोवली. एकाचे वडील गवंडी आहेत, तो पळत जाऊन घरून ओळंबा घेऊन आला. दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी बाटलीचं बूच दाबायचं, असं ठरलं.

बाराला सावली भरली ७० सेंटिमीटर. १२.१० ला त्याहून कमी. १२.२० ला आणखी कमी! सगळी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. घड्याळ पुढे असेल, काठी कलली असेल, सगळं तपासून झालं. ओळंबा तीनदा लावला. मी गप्प होते. त्यात माझं कौतुक काही नाही, त्या क्षणी उत्तर मलाही येत नव्हतं.

१२.४० नंतर खरं भांडण जुंपलं. सावली ६४-६५ वर घुटमळायला लागली. टोक भुरकट, पट्टी नेमकी कुठे टेकवायची? एक गट म्हणे १२.४०, दुसरा १२.५०. तेवढ्यात वर्गात सहसा तोंड न उघडणारी एक मुलगी सुतळी घेऊन आली. काठीपासून बाराच्या बुचापर्यंत सुतळी ताणली आणि गोल आखला. "लहान झाली तशी परत मोठी होईलच की. गोलाला पुन्हा शिवली की मधली वेळ काढायची."

खिचडीची घंटा होऊन गेली. पोरं ताटल्या घेऊन गोलाभोवतीच बसली. १.३६ ला सावली गोलाला टेकली. मधली वेळ १२.४८.

आपले जुने ज्योतिर्विद शंकू, म्हणजे अशीच उभी काठी रोवून, असाच गोल आखून दिशा काढत. सावली गोलाला शिवते ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. मीही नाही.

मग नकाशा काढला. देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखावृत्तावर चालतं, आम्ही साताऱ्याकडचे, ७४ वर. अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३४. पोरांनी लगेच पकडलं, "बाई, ४८ मधली १४ उरली." फळ्यावर मोठा १४ लिहून शाळा सुटली.

रात्री शोधलं. पृथ्वीची कक्षा नेमकी गोल नाही, त्यात आस कललेला, म्हणून सूर्य घड्याळाच्या मागेपुढे होतो. फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. म्हणजे नोव्हेंबरात आमच्याकडे १२.१८ यायला हवेत. उद्या सांगणार नाही. नोव्हेंबरपर्यंत पोटात ठेवणं जड जाणार आहे.

टाचणवहीत, रोजच्या पाठांच्या नोंदवहीत, काय लिहू हा प्रश्न आहेच. गणिताचा तास गेला, मराठीचा गेला. मध्य प्रदेशात होशंगाबादकडे १९७२ पासून ३० वर्षं मुलं असंच करून बघत विज्ञान शिकली, आणि २००२ मध्ये सरकारनंच ते बंद केलं. तिथेही टाचणवही असणार.

संध्याकाळी मुख्याध्यापक म्हणाले, काठी काढा, खेळताना पोरं अडखळतील. काढली. निघताना पाहिलं, तर भोकात कुणीतरी बूच घट्ट बसवून ठेवलं होतं.