भाकरी कमी करण्याआधी औषधांचा डबा उघडा

सोलापुरातलं पाच माणसांचं घर. काका बावन्न वर्षांचे, दुकानात दिवसभर बैठं काम, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.४. त्यांच्या आई चौऱ्याहत्तरच्या, मधुमेह जुना, दोन वेळा इन्सुलिन. काकूंचा आकडा ६.१, म्हणजे अजून उंबरठ्यावर. मुलगा इंजिनिअरिंगला, मुलगी नववीत. कर्बोदकं कमी करायची आणि ती सगळ्यांनी मिळून करायची, असं ठरवून त्यांनी मला घरी बोलावलं होतं. आहारतज्ज्ञ म्हणून अशा घरी जाताना पिशवीत किचनचा वजनकाटा आणि ग्लुकोमीटर असतो.

काकू भाकऱ्या थापत होत्या. "तुम्ही करता तशीच करा, फक्त परातीत घेण्याआधी पीठ इकडे द्या," म्हटलं. एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ निघालं, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम कर्बोदकं. मोजायचं ते कोरडं पीठच. भाजलेल्या भाकरीत पाणी किती राहिलं यावर वजन बदलतं. "पण मॅडम, ज्वारी चालतीय की ओ शुगरला!" काकू म्हणाल्या. हे वाक्य मी या जिल्ह्यात घरोघरी ऐकते. ज्वारीत तंतू आहेत, मैद्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण तीन भाकऱ्यांचा स्टार्च शेवटी दीडशे ग्रॅम साखर होऊनच रक्तात उतरतो.

हे बोलणं चाललेलं असताना आजींनी मला "तू कुणाची गं?" असं दुसऱ्यांदा विचारलं. कपाळावर घाम होता, हात थरथरत होते. काकू म्हणाल्या, उन्हाचं होत असेल. मी मीटर लावलं. ५२.

७० च्या खाली साखर गेली की कारण नंतर शोधायचं. तीन चहाचे चमचे साखर, साधारण १५ ग्रॅम, अर्धा पेला पाण्यात विरघळवून आजींना घोट घोट दिली. मुलगा धावत चॉकलेट घेऊन आला, ते बाजूला ठेवायला लावलं. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ७६. मग अर्धी भाकरी आणि वाटीभर दूध. नुसत्या साखरेवर थांबलं तर तासाभरात आकडा परत घसरतो. (माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही, सरळ दवाखाना.)

कारण शोधायला वेळ लागला नाही. मी येण्याच्या आधीच, मोबाइलवरचा कुठलासा व्हिडिओ बघून, घरात 'लो कार्ब' सुरू झालं होतं. सकाळी पोह्यांऐवजी आजींना दुधीची भाजी आणि ताक. इन्सुलिन मात्र रोजचंच, २२ युनिट. ते ३०/७० मिश्रण: तीस टक्के भाग लवकर काम करणारा, सत्तर टक्के दुपारपर्यंत रेंगाळणारा. त्याच्यासमोर रोज साठेक ग्रॅम कर्बोदकांचे पोहे असायचे, आज दहासुद्धा नव्हती. आजींची किडनीही थोडी कमजोर, क्रिएटिनिन १.६, अशा शरीरातून इन्सुलिन सावकाश बाहेर पडतं.

डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्यांनी रात्रीचा डोस लगेच उतरवला आणि दुसऱ्या दिवशी आजी आणि काका दोघांनाही बोलावलं. जेवणातली कर्बोदकं एकदम घटवताना इन्सुलिन साधारण एक तृतीयांश ते निम्मं कमी करावं लागतं, पण किती आणि कुठल्या वेळचं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

मग काकांचा डबा उघडला. मेटफॉर्मिन: ठीक, ती एकटी साखर फारशी पाडत नाही. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम: ही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो, आजींना जे झालं ते काकांना दुकानात झालं असतं. डॅपाग्लिफ्लोझिन: ही लघवीवाटे साखर बाहेर टाकते. कर्बोदकं फार कमी असताना ती चालू राहिली तर कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि तेव्हा मीटरवरचा आकडा फार चढलेलाही नसतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं ही लक्षणं लोक पित्तावर ढकलतात. शिवाय रक्तदाबाची गोळी, तीही लघवी वाढवणाऱ्या औषधासह. पहिल्या आठवड्यात शरीरातलं मीठ-पाणी तसंही उतरतं, त्यात ही गोळी तशीच राहिली तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून ग्लिमेपिराइड आणि डॅपाग्लिफ्लोझिन बंद केलं, मेटफॉर्मिन ठेवलं, रक्तदाब रोज घरी मोजायला सांगितला. डोळ्यांचा पडदा तपासल्याशिवाय सुरुवात करू नका, हेही बजावलं. वर्षानुवर्षांची वाढलेली साखर झपाट्याने खाली आली की पडद्याचा आधीचा बिघाड काही काळ वाढू शकतो.

आता स्वयंपाकघर. मी माणसांना "काय खाता" हे फार विचारत नाही, किराण्याची यादी मागते. महिन्याला ज्वारी २० किलो, तांदूळ १०, गहू ८, साखर ५. पाच माणसं, तीस दिवस: साखरच डोई रोज ३३ ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे. या चार जिनसांतूनच माणशी दिवसाला दोनशेच्या वर कर्बोदकं होतात. डाळ, दूध, पोहे, बिस्किटं वेगळी. काका तर सरासरीच्या कितीतरी पुढे. पोहे, सकाळी तीन भाकऱ्या, रात्री दोन, दोन्ही वेळा वर भात, गोड चहा, अशी बेरीज साडेचारशेच्या घरात गेली. हा नांगर धरणाऱ्याचा आहार आहे, गल्ल्यावर बसणाऱ्याचा नाही.

काकांसाठी रोज १२० ग्रॅम कर्बोदकांच्या आसपास ठरवलं. १३० च्या खाली असेल तर त्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात; ५० च्या खालचा प्रकार मी मराठी घरात सुचवत नाही, तो पहिल्या लग्नसराईपर्यंतही टिकत नाही. सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट किंवा ३० ग्रॅम मुगडाळीचं धिरडं. जेवणात ३५ ग्रॅम पिठाची एक पातळ भाकरी, दोन वाट्या भाजी, वाटीभर घट्ट वरण, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, दही. भात बंद. संध्याकाळी बिनसाखरेचा चहा, मूठभर भाजके शेंगदाणे. रात्री तशीच एक भाकरी, पालेभाजी आणि पनीर, अंडी किंवा चिकन. शेंगाचटणी, जवसाची, कारळ्याची चटणी, यांना बंदी नाही. ताटात स्निग्धांश नसेल तर रात्री भूक लागते आणि हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो. पिठल्याचा मात्र हिशोब ठेवायचा. वाटीभर पिठल्याला ३० ग्रॅम बेसन लागतं, त्यात १७-१८ ग्रॅम कर्बोदकं येतात, म्हणून पिठलं असेल त्या दिवशी वरण नाही. गूळ 'नैसर्गिक' म्हणून कुणीतरी सुचवतंच. मीटरला तो साखरेपेक्षा वेगळा दिसत नाही.

घरात सगळ्यांचं ताट एकसारखं करायचं नाही. भाजी, वरण, कोशिंबीर एकच. भाकरीची संख्या वेगळी. मुलगी वाढीच्या वयात आहे, तिला दोन भाकऱ्या आणि दूध, फक्त पाकिटातला खाऊ आणि गोड पेयं बंद. मुलाचंही तेच. आजी माळकरी, अंडी-मांसाचा प्रश्नच नाही, आणि किडनीमुळे पनीर-डाळीचा मारा करायचा नाही. त्यांची कर्बोदकं एकदम तोडण्याऐवजी तिन्ही वेळांत सारखी वाटली, रोज १५० च्या आसपास. जेवण आणि इन्सुलिन यांचं गणित रोज एकच राहणं या वयात जास्त महत्त्वाचं. त्यांच्यासाठी एचबीएवनसी ८ च्या आत असला तरी पुरे. एकादशीला साबुदाणा नको, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. छोटी वाटी भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडी, ताक. आणि उपासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून आदल्या दिवशी लिहून घ्यायचा.

मीटर कसं वापरायचं हे मी करून दाखवते, कारण इथे फसगत फार होते. या घरात एकदा काकांचा आकडा २६८ आला आणि सगळे हबकले. फोनवर विचारलं तर नुकताच नातवंडांसाठी चिकू सोलला होता, असं आजी म्हणाल्या. पाहुणे आले होते आणि सोलायला काकाही बसले होते. हात साबणाने धुऊन, पुसून पुन्हा घेतला, १४८. एकटा आकडा कामाचा नाही. जेवणाआधी एक आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एक, अशी जोडी लिहायची. फरक ५० च्या वर गेला तर त्या ताटात काय होतं ते शोधायचं. रोज सगळ्या वेळा तपासून पट्ट्या संपवण्यापेक्षा सोमवारी नाश्त्याची जोडी, बुधवारी दुपारची, शुक्रवारी रात्रीची घ्यावी. इन्सुलिनवाल्यांना ही काटकसर लागू नाही. आजींचं झोपण्याआधी रोज.

पहिल्या दोन आठवड्यांत काकांचं डोकं दुखलं, पोटऱ्यांत गोळे आले. रक्तदाबाची वही डॉक्टरांना दाखवली, त्यांनी लघवी वाढवणारं औषध वगळून गोळी साधी करून दिली, आणि ताकात चिमूटभर मीठ घ्यायला परवानगी दिली. मग बद्धकोष्ठता. भाकरी कमी झाली, पण भाजी दोन वाट्यांवर पोचलीच नव्हती. पाच माणसांना पाव किलो मेथी आणून कसं भागेल? भाजीचा खर्च दुपटीने वाढतो, हे आधीच सांगावं. जेवणानंतरचे आकडे महिन्याभरात खाली आले, सकाळचा उपाशीपोटीचा मात्र १४० वर अडून बसला. पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं, त्यामुळे हा आकडा सगळ्यात शेवटी हलतो. इथे हिरमुसून लोक आहार सोडतात.

तीन महिन्यांनी काकांचा एचबीएवनसी ७.१, फक्त मेटफॉर्मिनवर. साखरेची सगळी औषधं सोडून तीन महिने ६.५ च्या खाली राहिला तरच त्याला मधुमेह माघारी गेला म्हणायचं, त्यामुळे पेढे वाटायचं कारण नाही. काकूंचा ५.८. त्यांचं हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खोटा चढलेला दिसू शकतो, म्हणून लोहाच्या गोळ्यांचा कोर्स झाल्यावर तो पुन्हा करायचा आहे. आजींचं इन्सुलिन आता एकवेळचं आहे आणि ७० च्या खाली आकडा पुन्हा आलेला नाही. पुढच्या तपासणीत काकांची चरबीची चाचणी, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असल्यामुळे, बी-१२.