विकलेल्या पैठणीचं पान

येवल्याच्या एका पैठणीवाल्या काकांचं ऑनलाइन दुकान माझ्याकडे आलं ते एका विचित्र तक्रारीसह. "जितक्या साड्या विकल्या जातात, तितकी आमची साइट गुगलवर खाली जाते." वैतागून बोलत असतील, असं वाटलं. सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन) उघडून पाहिलं, तर काकांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

हातमागावरची पैठणी म्हणजे एकच नग. कोडमध्ये प्रत्येक नगाला वेगळं पान होतं, आणि साठा शून्य झाला की ते पान आपोआप होमपेजकडे वळायचं. करणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण असं सरसकट वळवलेलं पान गुगल बहुधा 'सॉफ्ट ४०४' धरतं, म्हणजे नसल्यातच जमा. त्यामुळे ज्या साडीचा फोटो शोधात वर यायचा, जिची लिंक लोक एकमेकांना पाठवायचे, तीच आधी विकली जायची आणि तिच्याबरोबर त्या पानानं गुगलवर कमावलेलं स्थानही बुडायचं.

बाकीचे दोष नेहमीचेच. रंग, काठ, किंमत अशा फिल्टरांच्या शेकडो वेब-पत्त्यांना कॅनॉनिकल टॅग, म्हणजे यातलं मूळ पान कोणतं हे गुगलला सांगणारी खूण, नव्हता. वरच्याच मोठ्या फोटोला प्लगइननं लेझी लोडिंग, म्हणजे फोटो उशिरा उतरवणं, लावलेलं, मग तो गुगलच्या मोजपट्टीप्रमाणे अडीच सेकंदांच्या आत दिसणार कसा? (हे प्लगइन लावणारे स्वतःची साइट मोबाइलवर कधी उघडतात की नाही, देव जाणे.) ते पटकन उरकलं.

खरा वाद पुढेच झाला. मी म्हटलं, विकलेल्या साडीचं पान तसंच ठेवू.

"अहो, नसलेला माल दाखवून गिऱ्हाईक चिडवायचं का?"

"काका, दुकानात कुणी विकल्या गेलेल्या साडीचा फोटो दाखवला, तर तुम्ही काय म्हणता?"

"तशीच विणून देऊ म्हणतो."

मग कोडही तसंच लिहिलं. बांगडी मोर, आसावली, मुनिया अशी प्रत्येक नक्षीची कायमची पानं केली आणि नग त्यांखाली जोडले. विकलेल्या नगाचा पत्ता चालूच राहिला. स्कीमात, म्हणजे गुगलसाठी पानात लिहिलेल्या मालाच्या माहितीत, उपलब्धतेपुढे 'सोल्डआउट' आलं, आणि पानावर "अशीच विणून हवी" हे बटण. जुनी रीडायरेक्ट काढली, साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांची यादी, गुगलला नव्यानं दिला. गुगल ती पानं परत वाचणार ते त्याच्या सवडीनं, हेही काकांना सांगून ठेवलं.

त्यांनी एकच अट घातली. बटणाखाली विणायला लागणारा वेळ ठळक लिहायचा, कारण लोक पैसे भरले की आठवड्यात साडी मागतात.