तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कुठल्या गाडीचं इंजिन?

"जिप्सी, जीप आणि पद्मिनी, तीन गाड्या उभ्या आहेत, पहिलं इंजिन कुठल्या गाडीचं बदलणार?" नाशकात द्वारका चौकात स्पेअर घ्यायला गेलं तरी हेच, लग्नाच्या पंगतीत बसलं तरी हेच. उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग पद्मिनी का नाही?" म्हणून एकदाच सगळं लिहितो.

पहिली जिप्सी. ९७० सीसीचं मूळ एफ१०ए इंजिन उतरवून जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं, कार्ब्युरेटरवालं जी१३ बसवायचं, आणि तेही त्याच्याच पाच गिअरच्या गिअरबॉक्ससकट. सगळा जोर या 'सकट'वर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांसाठीच बनलेले असले की फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर यांचा मेळ आपल्याला घालावा लागत नाही. उरतात माउंटिंग, सायलेन्सरचा पुढचा पाइप, रेडिएटरचे होज आणि गिअरबॉक्सपासून ट्रान्स्फर केसपर्यंतचा (पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीपर्यंतचा) छोटा शाफ्ट. त्याची लांबी बदलते, तेव्हा तोही किंगचाच घ्या. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवालं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी पहिल्या खेपेला नको. ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), अख्खं वायरिंग, टाकीतला पंप, रिटर्न लाइन हे सगळं सोबत येतं, आणि एक सेन्सर राहिला तरी गाडी का सुरू होत नाही हे शोधण्यात महिना जातो.

दुसरी जीप. २११२ सीसीच्या प्युजो डिझेल इंजिनाच्या जागी महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल. आपल्या नाशकात या इंजिनाच्या पार्टची ददात नाही. अडचण एकच: टू व्हील ड्राइव्ह बोलेरोचा गिअरबॉक्स घेतलात तर त्याला ट्रान्स्फर केस जोडता येत नाही. फोर बाय फोरचाच शोधा.

आता पद्मिनी, म्हणजे प्रीमियरची जुनी फियाट. १०८९ सीसीच्या जागी प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निस्सान ए१२ इंजिन, ११७१ सीसी. हा प्रयत्न झालेला आहे, आणि तुम्ही विचारता तेव्हा मी विषय बदलतो तो त्यामुळेच. स्टिअरिंगवरचा गिअर मोडायचा नव्हता, म्हणून गिअरबॉक्स पद्मिनीचाच ठेवला. म्हणजे मध्ये दोन्ही जोडणारी ॲडॉप्टर प्लेट आली, फ्लायव्हीलच्या मापाची पण फियाटच्या स्प्लाइनची (शाफ्टवरच्या खाचांत बसणाऱ्या दात्यांची) क्लच प्लेट आली, आणि ए१२च्या क्रँकमध्ये बसून फियाटच्या शाफ्टचं टोक धरेल असा गनमेटलचा बुश (आधाराची नळी) लेथवर वळवून घ्यावा लागला. १२ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट अंबडच्या एमआयडीसीत कापली. बोल्टची भोकं चोख जुळली. डॉवेल पिनची दोन भोकं मात्र "नंतर बघू" म्हणून राहिली. ते 'नंतर बघू' माझं होतं, टर्नरचं नव्हे. बोल्ट नुसतं आवळून धरतो, मध्यावर आणतो तो डॉवेल. बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असतेच, आणि तेवढ्या ढिलाईत गिअरबॉक्स आपल्या वजनाने खाली बसला.

दिंडोरीकडे द्राक्षबागेतल्या वाटेवर गाडी छान पळाली. आधी नुसती क्लच दाबल्यावर घरघर, मग गिअर टाकताना करकर, मग तिसरा गिअर लोडवर आपोआप सुटायला लागला. उतरवून पाहिलं तर बुश एका बाजूने घासून अंडाकृती झालेला, क्लच प्लेटच्या हबचे रिव्हेट सैल, इनपुट बेअरिंगच्या पिंजऱ्याचे तुकडे तेलात. बोटाला पितळेची पूड लागत होती.

त्यानंतर डायल गेज, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचा फरक काट्यावर दाखवणारं माप, लावला. खरं तर तो आधी लावायचा असतो. गिअरबॉक्सचं रिकामं केसिंग प्लेटला आवळा, गेजचा चुंबकी पाया फ्लायव्हीलवर ठेवा, टोक इनपुट बेअरिंगच्या घराला टेकवा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. काटा ०.१३ मिमीच्या आत राहायला हवा. आमचा ०.५२ फिरला, म्हणजे मध्य त्याच्या निम्म्याने, ०.२६ मिमीने सरकलेला. काटा पाहून प्लेट सरकवायची, माप आत आलं की आवळायची आणि मगच दोन्ही भागांतून एकदम रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार) मारून डॉवेल बसवायचे.

कागदांचंही विचारता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ तपशिलात बदल चालत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच जातीचं इंजिन बदलणं वेगळं, दुसऱ्या जातीचं बसवणं वेगळं. जिप्सीसुद्धा यातून सुटत नाही. तेव्हा इंजिनाचे पैसे मोजण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत लेखी विचारा. मंजुरी नसेल तर गाडी रस्त्यावर नको. जुनं इंजिन विकू नका. प्लगच्या भोकांतून तेल सोडून झाकून ठेवा.

ज्या गाडीवर जीव आहे तिच्यापासून सुरुवात करा, म्हणजे उत्साह टिकतो, असं पूर्वी मीच सांगायचो. ते चूक होतं असं आजही ठामपणे म्हणवत नाही. जिप्सी आणि जीप होईस्तोवर दोन पावसाळे जातील, आणि पद्मिनीचा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आत्ताच स्क्रूड्रायव्हरने टोचला तर आरपार जातो. इंजिन थांबू शकतं, पत्रा थांबत नाही. मग आधी पत्र्याचं वेल्डिंग करायचं का? केलं की इंजिनाचा मोह होणार, आणि क्रम पुन्हा मोडणार. हे अजून सुटलेलं नाही. डॉवेलसकट नवी प्लेट मात्र कापून झाली आहे. ग्रीस लावून, कागदात गुंडाळून ती जिप्सीच्या सीटखाली ठेवली आहे.