दत्तक घ्यायला किती वेळ लागतो? आम्हाला ३ वर्षं ७ महिने लागले

गेल्या आठवड्यात ऑफिसातली एक मुलगी डबा खाताना शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, ताई तुम्हाला किती वेळ लागला हो? कशाला ते मी विचारलंच नाही, तिच्या आवाजावरूनच कळलं. तिला तेव्हा दोन वाक्यांत सांगितलं, पण घरी आल्यावर वाटलं की नीट लिहूनच काढावं, कारण मी शोधत होते तेव्हा मला मराठीत असं कुणी सांगितलेलं सापडलं नव्हतं.

आम्ही ऑगस्ट २०२१ मध्ये काराच्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर नाव नोंदवलं आणि लेक घरी आली मार्च २०२५ मध्ये. झालं उत्तर. पण नुसता आकडा ऐकून माणूस घाबरतो आणि वाटतं की एवढी वर्षं फाइली फिरत असणार, तसं अजिबात नाहीये. कागदपत्रांचं काम म्हणाल तर सगळं मिळून काही महिन्यांचं. पॅन कार्ड, जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, ओळखीच्या दोघांची पत्रं, हे अपलोड करायचं आणि मग जवळच्या संस्थेतली सोशल वर्कर होम स्टडीला, म्हणजे घर आणि घरातली माणसं बघायला, घरी येते. त्या दिवसाचं मी फार टेन्शन घेतलं होतं, पडदे धुतले, माळा आवरला, आणि त्या बाईंनी पडद्यांकडे बघितलंसुद्धा नाही. दोघांना वेगवेगळं बसवून बोलल्या, सासूबाईंना विचारलं की बाळ आजारी पडलं तर रात्री कोण जागणार. सासूबाई म्हणाल्या, मी आहे की. नोव्हेंबरमध्ये रिपोर्ट पोर्टलवर चढला आणि मग सुरू झालं खरं वाट बघणं, म्हणजे वेटिंग लिस्ट.

आम्ही पसंतीची तीन राज्यं टाकली होती, वय शून्य ते दोन, मुलगा मुलगी काहीही चालेल. रोज सकाळी चहा गॅसवर ठेवून मी लॉगिन करायचे आणि सिनिऑरिटी नंबर बघायचे. कधी चाळीसने खाली यायचा, कधी महिनाभर तिथेच. एवढा वेळ का लागतो ते मला सुरुवातीला कळतच नव्हतं, सगळे म्हणतात ना की देशात इतकी अनाथ मुलं आहेत. पण संस्थेत असलेलं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही, बाल कल्याण समितीने त्याला कायदेशीररीत्या मुक्त घोषित करावं लागतं. २०२४ च्या सुमाराचे आकडे सांगते, वाट बघणारे पालक ३० हजारांहून जास्त आणि दत्तक द्यायला मोकळी असलेली मुलं जेमतेम दोन हजारांच्या आसपास, त्यातलीही निम्म्याहून जास्त विशेष गरजा असलेली. २०२४-२५ या वर्षात देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली आणि तो बऱ्याच वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा होता. हे वाचल्यावर मला नंबर हळू का हलतो ते समजलं, आणि चिडचिड बरीच कमी झाली.

आणखी एक गोष्ट कळायला मला वर्ष गेलं. एखाद्या आईने बाळ समितीपुढे सोपवलं तर तिला ६० दिवस दिले जातात, त्या दिवसांत ती येऊन बाळ परत नेऊ शकते. सापडलेलं बाळ असेल तर पेपरात जाहिरात देतात, पोलीस शोध घेतात, दोन वर्षांखालच्या बाळासाठी दोन महिने आणि मोठ्या मुलासाठी चार महिने. आमच्या नात्यातले एक काका म्हणाले, हे दिवस कमी केले तर लोकांना बाळं लवकर मिळतील. मला ते बिलकुल पटलं नाही. त्या ६० दिवसांत कुठेतरी एक बाई झोपत नसेल, तिचा विचार बदलला तर बदलू दे, ते बाळ आधी तिचं आहे. मला घाई आहे म्हणून तिचे दिवस कापायचे नाहीत. बाकी काय कमी करायचं ते करा.

मधे एकदा, २०२३ मध्ये, एका हॉस्पिटलमधल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की कशाला थांबता, एक मुलगी आहे अडचणीत, थेट बाळ मिळेल, थोडा खर्च येईल. खोटं नाही सांगत, त्या रात्री मी झोपले नाही, एका क्षणाला हो म्हणायची तयारी झाली होती माझी. नवरा म्हणाला उद्या कुणी दारात येऊन माझं मूल द्या म्हणाला तर? प्रक्रिया सोडून असं मूल घेतलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पैसे देऊन घेतलं तर त्याहून मोठा गुन्हा. कुणी असं सांगायला आलं तर प्लीज प्लीज ऐकू नका.

होम स्टडीची मुदत तीन वर्षांची असते हे लक्षात ठेवा. आमची नोव्हेंबर २०२४ मध्ये संपत होती, मी आधीच फोन करून रिन्यू करून घेतली म्हणून बरं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका मंगळवारी दुपारी मेसेज आला. रेफरल! म्हणजे आमच्यासाठी बाळ सुचवलं होतं. फोटो, मेडिकल रिपोर्ट, चाइल्ड स्टडी रिपोर्ट, आणि रिझर्व्ह करायला ४८ तास. विदर्भातल्या एका संस्थेत होती, सात महिन्यांची. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून काही प्रश्न काढून दिले, तेवढ्यासाठी दोन दिवस पुरतात, पण फोटो बघितल्यावर रिपोर्ट वाचणं अवघड जातं हे खरं. मग संस्थेत जाऊन भेटलो. माझ्याकडे आली नाही आधी, रडली, सांभाळणाऱ्या मावशींच्या खांद्यावर तोंड लपवलं. मावशींनी तिला हळूहळू माझ्याकडे वळवलं, तास गेला त्यात. तो तास मावशींनाही जड गेला असणार. ती तिथे कशी आली ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

घरी आणताना ती कागदोपत्री दत्तकपूर्व देखरेखीत असते. दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्टाकडून व्हायचा, सप्टेंबर २०२२ पासून कायद्याने ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलंय आणि दोन महिन्यांची मुदत आहे. आमचा आदेश जूनमध्ये हातात आला.

रजेचं मात्र आधीच विचारून ठेवा. मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला १२ आठवडे दिले होते, पण आमच्या वेळी, २०२५ मध्ये, बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. आता वरचे दिवस मोजा, एवढं लहान बाळ घरी येणार कसं? मला बिनपगारी रजा घ्यावी लागली, आणि लेक सात महिन्यांची होती म्हणून तिला माझी गरज कमी होती असं तर नाही ना. उलट तिला माझा वास, आवाज, सगळंच नवीन होतं.

सासऱ्यांच्या एका बहिणीने पहिल्या भेटीत विचारलं, कुणाचं असेल गं? सासरे एवढंच म्हणाले, अक्का, जोतिराव सावित्रीबाईंनी यशवंतला घेतलं तेव्हाही पुण्यात लोक हेच विचारत असतील. मग त्यांनीच उचलून तिला आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं.

अजून संपलेलं नाहीये तसं, दोन वर्षं दर सहा महिन्यांनी फॉलोअपला सोशल वर्कर येतात. मागच्या वेळी आल्या तेव्हा ती त्यांच्या पर्समधली किल्ली काढून घेऊन पळाली आणि अर्धा तास सगळे शोधत होतो, सापडली सासूबाईंच्या डाळीच्या डब्यात.